तयार साच्याची साइट, नऊ महिन्यांनंतर: सगळं जमलं, फॉर्म सोडून

तयार साच्यांवर साइट बनवून देणाऱ्या एका कंपनीची योजना नऊ महिने वापरली, त्याचा हा अनुभव. योजनेत जागा किती, साचे किती, हे कंपनीच्या पानावर आहेच, इथे परत लिहीत नाही. वापर काय होता तेवढं सांगतो: बिघडलेल्या वस्तू फेकू न देता दुरुस्त करून पुन्हा चालत्या करणारा एक छोटा उपक्रम. नफा हवा, पण नफ्यासाठीच सुरू केलेला नाही. सात पानं, एक संपर्क फॉर्म, स्वतःच्या डोमेनवरची मेलपेटी, महिन्याला एक वार्तापत्र आणि गूगलवरचं बिझनेस प्रोफाइल. दुसऱ्या महिन्यात लिहिलं असतं तर पाचपैकी साडेचार गुण दिले असते. चौथ्या महिन्यात एक. आज साडेतीन. गुणांच्या या चढउतारामागे एकच गोष्ट आहे, संपर्क फॉर्म. बाकीच्याबद्दलही लिहितो, पण आधी हे.

फॉर्म भरला की पडद्यावर हिरव्या अक्षरांत येतं, 'धन्यवाद, तुमचा संदेश मिळाला'. कोणाला मिळाला ते मात्र कळत नाही. काहींचे संदेश इनबॉक्समध्ये येत होते, काहींचे स्पॅममध्ये सापडत होते, आणि काहींचे स्पॅममध्येसुद्धा नव्हते. आपल्याच डोमेनच्या पत्त्याने चाचणी केली की दरवेळी सुरळीत, म्हणून शंका यायला वेळ लागला. मग चौथ्या महिन्यात वार्तापत्राची सेवा जोडली आणि चाचणीचे संदेशही स्पॅममध्ये जाऊ लागले. म्हणजे बिघाड एक नव्हता, दोन होते, एकावर एक बसलेले.

पहिला बिघाड साइटच्या साच्यातला. फॉर्मचा मेल पाठवताना 'प्रेषक' म्हणून फॉर्म भरणाऱ्याचाच पत्ता लावायचा, असं सेटिंग मुळातच दिलेलं आहे. वरवर सोयीचं, कारण थेट उत्तर देता येतं. पण मेल निघतो साइट-कंपनीच्या सर्व्हरवरून आणि नाव लावतो तिसऱ्याच डोमेनचं. घेणारा सर्व्हर नेमकं हेच तपासतो. डीमार्क म्हणजे आपल्या नावाचा मेल तपासणीत नापास झाला तर त्याचं काय करायचं, हे डोमेनवाल्याने जाहीर करायची पद्धत. याहूने २०१४ मध्येच आपल्या पत्त्यांसाठी डीमार्कचं धोरण 'रिजेक्ट' केलं. म्हणजे याहूचा पत्ता लावलेला मेल याहूबाहेरून आला तर तो घेऊच नये, ही जगभरच्या सर्व्हरना सूचना. त्यामुळे तसा पत्ता देणाऱ्याचा संदेश दारातूनच परत. जीमेलने आपल्या पत्त्यांसाठी इतकं कडक धोरण ठेवलेलं नव्हतं, म्हणून ते कधी आत, कधी स्पॅममध्ये. आणि आपल्याच डोमेनचा पत्ता घालून केलेली चाचणी पास होणारच, त्या सर्व्हरला परवानगी आपणच दिलेली असते. म्हणून चाचणी नेहमी दोन-तीन वेगवेगळ्या कंपन्यांच्या पत्त्यांनी करायची.

दुरुस्ती दोन ओळींची आहे. प्रेषक म्हणून स्वतःच्या डोमेनवरचा एक खरा, चालू पत्ता ठेवा, आणि 'रिप्लाय-टू' मध्ये फॉर्म भरणाऱ्याचा. उत्तर द्यायची सोय तशीच राहते, मेल पोहोचतो. हे सेटिंग यांनी फॉर्मच्या पानावर न ठेवता 'प्रगत' नावाच्या तिसऱ्या पातळीवर ठेवलंय. मुळातलं सेटिंगच चुकीचं असताना ते इतक्या आत का, याचं उत्तर अजून मिळालेलं नाही.

दुसरा बिघाड डीएनएसमधला, म्हणजे डोमेनच्या सार्वजनिक नोंदवहीतला, आणि तो साइट-कंपनीच्या माथी मारता येत नाही. वार्तापत्राची सेवा म्हणाली, हे एसपीएफचं टेक्स्ट रेकॉर्ड (आपल्या डोमेनच्या नावाने कोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात त्याची यादी) जोडा. जोडलं. पण एसपीएफचं रेकॉर्ड आधीपासून होतं. एका डोमेनवर एसपीएफ एकच चालतं. दोन दिसले की घेणारा सर्व्हर त्यातलं बरं कोणतं ते निवडत बसत नाही, 'परमनंट एरर' धरतो आणि दोन्ही वाया. नवं रेकॉर्ड न करता जुन्यातच दुसरा 'इन्क्लूड' (दुसऱ्या सेवेची यादी जोडणारा शब्द) घालायचा, शेवटचा 'ऑल' (बाकी सगळ्यांचं काय करायचं ते सांगणारा) एकदाच ठेवायचा. तिथेही मर्यादा आहे: तपासताना १० पेक्षा जास्त डीएनएस शोध लागले तर पुन्हा तीच एरर. प्रत्येक 'इन्क्लूड' एक मोजला जातो, त्याच्या पोटातले वेगळे मोजले जातात. थेट आयपी पत्ते मोजले जात नाहीत. मेलपेटी, वार्तापत्र, साइट, बिलांची सेवा असे चार इन्क्लूड झाले की दहाची हद्द दिसायला लागते. बंद केलेल्या सेवेचा इन्क्लूड त्याच दिवशी काढून टाका.

एसपीएफ जुळलं म्हणजे काम झालं असं नाही. एसपीएफ तपासतं पाकिटावरचा पत्ता (सर्व्हर आपसात वापरतात तो, वाचणाऱ्याला सहसा दिसत नाही), आणि डीमार्क विचारतं की पत्राच्या डोक्यावर दिसणारं डोमेन त्याच्याशी जुळतं का. वार्तापत्राच्या बऱ्याच सेवा पाकिटावर स्वतःचं डोमेन घालतात. तिथे एसपीएफ 'पास' दिसतं आणि डीमार्कला त्याचा उपयोग शून्य. म्हणून डीकिमची सही (मेलवरची डिजिटल सही, तिची सार्वजनिक किल्ली डीएनएसमध्ये ठेवायची असते) हवीच, आणि ती आपल्या डोमेनची हवी. २०४८ बिटची सार्वजनिक किल्ली साधारण ४०० अक्षरांची होते, आणि टेक्स्ट रेकॉर्डच्या एका तुकड्यात २५५ च्या वर अक्षरं मावत नाहीत. काही डीएनएस पॅनेल स्वतः तोडून घेतात, काही चूक दाखवतात, आणि काही गुपचूप शेपूट कापतात. सेव्ह झाल्यावर रेकॉर्ड परत उघडून शेवटची आठ-दहा अक्षरं ताडून बघा. कापलं असेल तर अवतरणचिन्हांत दोन तुकडे करून शेजारीशेजारी ठेवा. वाचणारा ते आपोआप जोडतो. सीनेम पद्धतीची (किल्ली आपण न ठेवता सेवेच्या रेकॉर्डकडे बोट दाखवायची) सोय असेल तर तीच घ्या, ही कटकटच उरत नाही.

सगळ्यात शेवटी डीमार्क. सुरुवातीला 'पी=नन' (काही अडवू नका, फक्त कळवा) आणि अहवालासाठी एक पत्ता. दोन-चार आठवडे रोजचे अहवाल पाहायचे (वाचायला भिकार असतात, पण आपल्या नावाने कोण कोण मेल पाठवतंय ते कळतं), राहिलेली एखादी सेवा सापडते, ती जुळवायची आणि मग 'क्वारंटाइन' (नापास मेल स्पॅममध्ये टाका) करायचं. पहिल्याच दिवशी 'रिजेक्ट' केलं तर आपलीच बिलं परत येतील. बदलाच्या आदल्या दिवशी रेकॉर्डचा टीटीएल (इतर सर्व्हर जुनी नोंद किती वेळ धरून ठेवतात तो काळ) ३६०० सेकंदांवरून ३०० करून ठेवला तर चूक सुधारायला तासभर थांबावं लागत नाही. खात्रीसाठी जीमेलमध्ये तो मेल उघडून 'मूळ दाखवा' करा. एसपीएफ, डीकिम, डीमार्क तिन्हींपुढे 'पास' हवं. दोन पुरत नाहीत.

आता सपोर्ट. पहिली तीन उत्तरं अशी: कॅशे (ब्राउझरने साठवलेली जुनी पानं) साफ करा, दुसरा ब्राउझर वापरा, स्पॅम तपासा. मेल पोहोचत नाही, त्याचा ब्राउझरच्या कॅशेशी संबंध काय? चौथ्या उत्तरात 'आमच्या बाजूने यशस्वी पाठवला' असं आलं. इथे नेमकं मागायला शिका. संदेशाची तारीख आणि वेळ टाइमझोनसकट, कोणत्या पत्त्यावर, आणि 'समोरच्या सर्व्हरने दिलेली शेवटची ओळ जशीच्या तशी द्या'. त्यात २५० दिसलं तर समोरच्याने मेल ताब्यात घेतला, पण तो इनबॉक्सात टाकला असा अर्थ नाही. ५५० म्हणजे नाकारला, आणि बहुधा कारण त्याच ओळीत लिहिलेलं असतं. ४ ने सुरू होणारा आकडा म्हणजे थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न. ती ओळ हातात आल्यावर दोन्ही बिघाड एका संध्याकाळी सुटले. त्याआधी साडेतीन आठवडे वाया गेले ते निव्वळ टिकिटांच्या (सपोर्टकडे नोंदवलेल्या तक्रारींच्या) उत्तरांत.

म्हणून मत बदललं. चौथ्या महिन्यात सगळा राग साइट-कंपनीवर होता. आता हिशेब निम्मा-निम्मा धरतो. शिवाय फॉर्मचे सगळे संदेश त्यांच्या डॅशबोर्डवरही साठत होते, ते तिथे जाऊन बघायचं कोणाला सुचलं नाही. तुमच्याकडे अशी सोय असेल तर आठवड्यातून एकदा तिथली संख्या आणि मेलपेटीतली संख्या ताडून बघा. वार्तापत्र तीनशे जणांनाच जातं म्हणून याकडे दुर्लक्ष करू नका. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहूचे नियम कडक झाले. दिवसाला ५००० च्या वर पाठवणाऱ्यांना एसपीएफ, डीकिम, डीमार्क तिन्ही गोष्टी आणि एका क्लिकमध्ये वर्गणी रद्द करण्याची सोय सक्तीची, पण एसपीएफ किंवा डीकिम यांपैकी एक तरी सगळ्यांनाच लागतं.

फॉर्ममध्ये रकाने तीनच ठेवा: नाव, संपर्क, वस्तू कोणती आणि झालंय काय. यांच्या साच्यात आठ आहेत, त्यात 'आमच्याबद्दल कुठे कळलं' हे अनिवार्य. ते विचारायचंच असेल तर पहिल्या उत्तरात विचारता येतं. बॉट अडवायला चित्रांचं कोडं घालण्यापेक्षा माणसाला न दिसणारा एक रिकामा रकाना ठेवा. तो भरून आला की संदेश टाकून द्या. आणि फॉर्मशेजारी मेलचा पत्ता साध्या अक्षरांत लिहा. फॉर्म बंद पडला तरी माणूस अडकत नाही.

साइटच्या बाकीच्या गोष्टी चांगल्या आहेत. वेग ठीक, पण त्यासाठी फोटो आपणच आवरायचे. फोनचा १२ मेगापिक्सेलचा फोटो ४००० गुणिले ३००० चा असतो आणि काही एमबी खातो. १६०० पिक्सेल रुंद करून वेबपी (वेबसाठीचा हलका फोटो-प्रकार) केला की २०० केबीच्या आसपास बसतो. सगळ्यात वरच्या फोटोचं 'लेझी लोड' (पडद्यावर यायची वेळ आली की मगच फोटो मागवणं) बंद करा. गूगल मुख्य मजकूर दिसायला अडीच सेकंदांपर्यंतचा वेळ चांगला धरतं, आणि तो फोटोच उशिरा मागवला तर गणित तिथेच बिघडतं. देवनागरी फॉन्ट जोडाक्षरांमुळे जड असतात, दोन जाडी पुरे. पानांचे पत्ते रोमन अक्षरांत ठेवा. देवनागरी पत्ता कॉपी करून पाठवला की एकेका चिन्हाची नऊ अक्षरं होतात, 'दुरुस्ती' हा एवढासा शब्द ७२ अक्षरांचा.

हेतूचं पान हा मात्र वेगळा विषय, आणि इथे साचा मदत करत नाही, बिघडवतो. 'शाश्वत', 'पर्यावरणपूरक', 'उद्याच्या पिढीसाठी' असे मथळे आयते येतात, सोबत हातात रोपटं धरलेला फोटो. काढून टाका. युरोपीय संघाच्या २०२४ च्या निर्देशाने पुराव्याविना केलेल्या असल्या मोघम पर्यावरण-दाव्यांना मनाई केली, लागू होण्याची तारीख २७ सप्टेंबर २०२६. नियम तुमच्यावर लागू असो-नसो, वाचणाऱ्याला असल्या शब्दांतून काहीच कळत नाही. त्याऐवजी आकडा द्या आणि आकड्याची चौकट द्या: किती नग, कोणत्या महिन्यापासून कोणत्या महिन्यापर्यंत, परत आलेले धरून की वगळून, मोजलं कोणी. 'इतका कार्बन वाचवला' लिहायच्या आधी दोनदा विचार करा. वस्तू पुढे किती वर्षं चालेल आणि दुरुस्ती झाली नसती तर माणसाने नवी घेतलीच असती का, या दोन गृहीतकांवर तो आकडा उभा असतो, आणि गृहीतकं लिहायला पानावर जागा कोणी ठेवत नाही. जे दुरुस्त होत नाही त्याची यादी कारणासकट टाका. ही यादी टाकल्यावर निरुपयोगी चौकश्या कमी झाल्या, आणि जे लिहितात ते नेमकं लिहितात.

गूगलच्या प्रोफाइलमध्ये नावाच्या रकान्यात नावच घाला. तिथे घोषवाक्य किंवा 'सर्वोत्तम' वगैरे चिकटवलं की प्रोफाइल निलंबित होण्याचा धोका. मुख्य प्रकार एक, उपप्रकार नऊपर्यंत, पण लागू असतील तेवढेच. त्या प्रोफाइलमधून आयती साइट बनवायची सोय मार्च २०२४ मध्ये बंद झाली. फुकटात साइट मिळाली म्हणून ज्यांनी स्वतःचं डोमेन घेतलं नव्हतं, त्यांना छापलेली कार्डं टाकावी लागली.

डोमेनवरून आठवलं. योजनेबरोबर पहिल्या वर्षी डोमेन फुकट आहे. घेऊ नका. वेगळ्या नोंदणीदाराकडे, उपक्रमाच्या स्वतःच्या नावाने आणि त्या डोमेनवर नसलेल्या मेल पत्त्याने घ्या. डोमेन बंद पडलं तर त्यावरचा मेलही बंद, मग पासवर्ड बदलायचा दुवा येणार कुठे? डॉट कॉमसारख्या डोमेनची मुदत संपून ते काढलं गेलं की ३० दिवस सोडवून घेता येतं, पण दंडासकट. नंतर ५ दिवसांनी कोणीही उचलू शकतं. आणि भाव बघायचा तो नूतनीकरणाचा, पहिल्या वर्षाच्या सवलतीचा नाही.

पुढच्या वर्षासाठी एक पायरी खालची योजना घेतली आहे. वरच्या योजनेत जास्तीचं होतं ते चॅट-खिडकी आणि पॉप-अप, दोन्ही पहिल्या आठवड्यातच बंद केलं होतं. आता एकच तक्रार उरली. फॉर्म भरणाऱ्याला जाणारी पोच अजून इंग्रजीतच जाते, साइट पूर्ण मराठीत असूनही, आणि तो मजकूर बदलायची सोय कुठल्याच योजनेत नाही. टिकिटावर पाच आठवड्यांपासून 'विचाराधीन' लिहिलेलं आहे. तोपर्यंत पोच बंद ठेवली आहे आणि उत्तर हाताने जातं.