एकच नाटक, निरनिराळे संच: आठ महिने ऐकल्यानंतर

इंग्रजी संगीत नाटकांची गाणी त्यांतल्या नटांच्याच आवाजात मुद्रित करून अल्बम काढतात; एकाच नाटकाचे असे वेगवेगळे अल्बम मी आठ महिने ऐकून पाहिले. सुरुवात ‘माय फेअर लेडी’च्या दोन अल्बमांपासून झाली. पहिला १९५६चा, ब्रॉडवेच्या म्हणजे न्यूयॉर्कच्या रंगभूमीवरच्या मूळ संचाचा, मोनो (सगळा आवाज एकत्रच येतो). दुसरा १९५९चा, लंडनच्या संचाचा, स्टीरिओ (आवाज डाव्या-उजव्या बाजूंना वाटलेला). गंमत अशी की रेक्स हॅरिसन, ज्युली अँड्र्यूज आणि स्टॅन्ली हॉलोवे दोन्हींत तेच आहेत. माणसं तीच, गाणी तीच, मग जुनाट आवाज कशाला ऐका, असं म्हणून मी सरळ स्टीरिओ लावला आणि महिनाभर तोच वाजत राहिला. आवाज मोकळा, वाद्यं दोन्ही बाजूंना छान पसरलेली. तक्रारीला जागाच नव्हती.

मग एकदा सहज मोनो लावला आणि पहिल्या दहा मिनिटांत माझं मत फिरलं. नाटक १५ मार्च १९५६ला रंगभूमीवर आलं आणि २५ मार्चला, म्हणजे रविवारी, हा अल्बम ध्वनिमुद्रित झाला. प्रयोगाला सुट्टी असलेल्या रविवारी मुद्रण उरकायचं, अशी तिथली जुनी पद्धत. दहा दिवसांची ही कोवळीक आवाजात ऐकू येते. ज्युली अँड्र्यूज चिडते तेव्हा खरोखर चिडलेली वाटते. १९५९पर्यंत तिनं हीच भूमिका असंख्य वेळा केलेली होती. गाणं आणखी सफाईदार झालं, पण पुढची ओळ काय येणार हे तिला पाठ असल्याचं कळतं. हॅरिसन मुळात गाणारा माणूस नव्हे, तो सुरांचा काठ धरून बोलतो. पहिल्या अल्बमात तो काठ तरी सोडत नाही. दुसऱ्यात इतका सैलावलाय की कित्येक ओळी नुसत्या बोलून मोकळा होतो. हॉलोवेला मात्र स्टीरिओ मानवला आहे. त्याची दोन गाणी मी आजही लंडनचीच ऐकतो.

नाट्यपदांवर पोसलेल्या कानाला हे सगळं अंगवळणी पडायला वेळ लागतो. गायक जागा घेणार, पद फुलवणार, हे आपण धरून चालतो. इथे सूर बहुतेक लिहिल्याप्रमाणेच असतात. श्वास कुठे तुटला, कोणता शब्द दाबून म्हटला आणि मागे किती वाद्यं वाजतायत, एवढ्यावरच एक संच दुसऱ्यापासून वेगळा होतो. पहिले दोन महिने मला सगळे अल्बम सारखेच वाटत होते, हे कबूल करतो.

वाद्यांचा मुद्दा नीट कळला तो ‘स्वीनी टॉड’मुळे, म्हणजे गिऱ्हाइकांचे गळे कापणाऱ्या न्हाव्याच्या नाटकामुळे. १९७९च्या अल्बममध्ये लेन कॅरिऊ, अँजेला लान्सबरी आणि जोनाथन ट्यूनिकचं वाद्यवृंद-संयोजन. कोरस अंगावर येतो. २००५ साली दिग्दर्शक जॉन डॉइलनं हे नाटक ब्रॉडवेवर नव्या संचात आणलं तेव्हा वेगळा वाद्यवृंदच ठेवला नाही; दहा नटच वाद्यं वाजवतात, पॅटी लुपोन तर ट्यूबा हे भलंमोठं पितळी वाद्य. पहिल्यांदा ऐकल्यावर मला तो तालमीचा आवाज वाटला होता. दोनदा अर्ध्यावर बंद केला. तिसऱ्या महिन्यात शब्द समोर ठेवून ऐकलं आणि उमगलं, की मूळ अल्बमच्या कोरसमध्ये बुडणारे शब्द इथे लख्ख ऐकू येतात. शिवाय एवढ्या थोड्या आवाजात खुनी जवळ उभा असल्यासारखा वाटतो. २०२३च्या संचानं ट्यूनिकचं मूळ संयोजन २६ वादकांसह परत आणलं. ध्वनीच्या बाबतीत तोच सर्वांत श्रीमंत. पण स्वीनी झालेल्या जॉश ग्रोबनचा गळा इतका देखणा आहे की गिऱ्हाइकानं निर्धास्त मान पुढे करावी! भूमिकेला हे साजेसंच, असं कोणी म्हणेल. मला भीती हवी होती.

‘वेस्ट साइड स्टोरी’चा, तिचा संगीतकार लिओनार्ड बर्नस्टाइननं स्वतः संचालन केलेला, १९८४मध्ये मुद्रित केलेला ऑपेरा गायकांचा अल्बम मी मोठ्या अपेक्षेनं घेतला. वाद्यवृंद अप्रतिम. पण नायक टोनी हा न्यूयॉर्कमधल्या पोलिश घरातला पोरगा, स्पॅनिश बोलणाऱ्या पोर्तो रिकोची आहे ती नायिका मारिया; आणि इथे स्पॅनिश वळण ऐकू येतं ते टोनीच्या, म्हणजे होसे कॅरेरासच्या, तोंडी. एकदा ते कानात बसलं की जात नाही. हा पडून आहे. १९५७चा मूळ अल्बम मात्र अजून वाजतो.

एक व्यवहाराची गोष्ट. मी वापरतो त्या ॲपवर अल्बमखालचं वर्ष बऱ्याचदा पुनर्प्रकाशनाचं असतं आणि ‘मूळ संच’ म्हणजे लंडनचा की न्यूयॉर्कचा, याचाही पत्ता नसतो. मी एक अख्खा आठवडा चुकीचा अल्बम ऐकून मतं बनवत होतो. वर्ष बघू नका, नटांची नावं बघा. आणि एक गाणं दुसऱ्यात मिसळणारी क्रॉसफेडची सोय आधी बंद करा, नाहीतर सलग वाजणाऱ्या नाटकात संवादाचं शेपूट कापलं जातं.

मूळ संचावर डोळे मिटून विश्वास ठेवू नये, हे शिकवलं ‘फॉलीज’नं. या नाटकाचा १९७१चा अल्बम एकाच एलपीत, म्हणजे एकाच तबकडीत, कोंबला. काही गाणी गाळली, काहींना कात्री लावली. ज्यांच्यासाठी ते लिहिलं गेलं तेच नट गातायत, आणि गाणं रंगात येतं न येतं तोच संपतं. १९८५मध्ये न्यूयॉर्क फिलहार्मोनिक या वाद्यवृंदाबरोबर झालेल्या मैफलीच्या मुद्रणात हा अन्याय बराच भरून निघतो. टाळ्यांचा कडकडाट अधूनमधून त्रास देतो, पण बार्बरा कुक गायला लागली की तेही विसरायला होतं.

‘जिप्सी’ या नाटकाचा निकाल मात्र अजून लागलेला नाही. १९५९ची एथेल मर्मन तुतारीसारखी, शेवटच्या गाण्यातही आवाज तसूभर हलत नाही. १९७३च्या लंडनच्या संचातली लान्सबरी त्याच जागी हळूहळू ढासळत जाते. सकाळी मर्मन लावतो, रात्री लान्सबरी.