मॉन्ट्रियलच्या बर्फात ट्रॅक्शन कंट्रोल: पाच महिन्यांचा अनुभव

नोव्हेंबरच्या मध्यापासून एप्रिलच्या पहिल्या आठवड्यापर्यंत ही गाडी मी रोज चालवली. हॉस्पिटलमधली ड्यूटी सहाला सुरू होते, म्हणजे सव्वापाचला घर सोडावं लागतं. त्या वेळेपर्यंत आमच्या गल्लीतला बर्फ काढलेला असेलच असं नाही. गाडी साधी ऑटोमॅटिक हॅचबॅक, फ्रंट व्हील ड्राइव्ह, म्हणजे इंजिनाचा जोर पुढच्या चाकांना मिळणारी. याआधीचे तीन हिवाळे 2006 ची मॅन्युअल गाडी होती. तीही फ्रंट व्हील ड्राइव्ह, पण ट्रॅक्शन कंट्रोल, म्हणजे निघताना जागच्या जागी फिरणारं चाक आपोआप आवरणारी सोय, नसलेली. रस्ते तेच, वेळ तीच, विंटर टायर, म्हणजे बर्फासाठीचे खास टायर, साधारण त्याच प्रतीचे. त्यामुळे या एका सोयीने नेमकं काय बदललं, ते मला सांगता येईल.

चढापासून सुरुवात करते. माझ्या रस्त्यावर कोत-दे-नेज लागतो. नावाचा अर्थच बर्फाचा चढ. तिथे सिग्नल लाल होऊन गाडी चढावरच थांबली की जुन्या गाडीत पोटात गोळा यायचा. पुढच्या चाकांवर इंजिनाचं वजन असतं, म्हणून सपाट रस्त्यावर ही गाडी बर्फात चांगली पकड धरते. पण चढावर वजन मागे झुकतं आणि ओढणारी चाकंच हलकी होतात. त्यात एक चाक बर्फावर आणि दुसरं डांबरावर असलं, तर इंजिनाचा जोर बर्फावरच्या चाकातून वाया जातो. ते गरागरा फिरतं, डांबरावरचं ढिम्म. जुन्या गाडीत मी पहिल्याऐवजी दुसऱ्या गिअरमध्ये, क्लच अगदी अलगद सोडत निघायचे. दहातून सात वेळा जमायचं. उरलेल्या तीन वेळा मागे रांग लागलेली असायची आणि हातापायांना घाम फुटलेला असायचा.

नव्या गाडीत तोच चढ, तीच वेळ. पाय हलका ठेवून ॲक्सिलरेटर दाबला की डॅशबोर्डवर नागमोडी रेघांचा पिवळा दिवा लुकलुकतो आणि पायाखाली बारीक टक-टक जाणवते. फिरणाऱ्या चाकाला गाडी स्वतःच ब्रेक लावते, त्यामुळे जोर दुसऱ्या चाकाकडे जातो. सोबत इंजिनाची ताकदही थोडी कमी करते. एबीएसचे, म्हणजे ब्रेक लावताना चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचे, चाकांचा वेग मोजणारे सेन्सरच ती यासाठी वापरते. गाडी अडखळत, पण सरळ वर चढते. सबंध हिवाळ्यात या चढावर मी एकदाही अडकले नाही. तेवढ्यासाठीसुद्धा मी ट्रॅक्शन कंट्रोल असलेलीच गाडी घेईन.

आता दुसरी बाजू. जानेवारीत एका रात्री तीस सेंटिमीटर बर्फ पडला. बर्फ ढकलणारी गाडी पहाटे गल्लीतून गेली आणि आमच्या दाराशी गुडघाभर उंच, घट्ट बर्फाचा बांध घालून गेली. मी वरवर फावडं मारलं आणि गाडी बाहेर काढायला गेले. पुढची चाकं बांधात रुतली. ॲक्सिलरेटर दाबला तर इंजिन नुसतं हुंकार द्यायचं आणि गप्प व्हायचं. दाबावं तितकी ताकद कमी होत होती. बिघाड काहीच नव्हता. चाक फिरतंय म्हटल्यावर गाडी जोर कमी करणारच. पण खोल बर्फात चाक थोडं फिरावंच लागतं. त्याशिवाय ते बर्फ उकरून बाहेर फेकणार कसं आणि खालच्या कठीण थरापर्यंत पोचणार कसं?

समोरचे शेजारी आजोबा, इथेच जन्मलेले, फावडं घेऊन धावत आले. काचेवर टकटक करून त्यांनी डॅशबोर्डकडे बोट दाखवलं आणि बटण दाबल्याची खूण केली. मी ट्रॅक्शन कंट्रोल बंद केलं. मग थोडं पुढे, थोडं मागे, पुन्हा पुढे, असे झोके दिले. पावसाळ्यात चिखलात रुतलेली गाडी गावाकडे अशीच काढतात. पाचव्या झोक्याला, मागून त्यांचा धक्का मिळाला आणि गाडी बाहेर आली. रस्त्यावर पोचताच बटण पुन्हा चालू केलं. (माझ्या गाडीत इंजिन बंद करून सुरू केलं की ते आपोआप चालू होतं, हे बरंच आहे.) असे झोके देताना चाकं फार वेगाने फिरवू नका. खालचा बर्फ वितळून लगेच काच होतो आणि मग फावड्याशिवाय इलाज उरत नाही. आणि इंजिन सुरू करण्याआधी सायलेन्सरच्या तोंडापुढचा बर्फ काढा. तो तुंबला तर विषारी धूर गाडीत शिरतो. ड्यूटीवर अशी माणसं आलेली मी पाहिली आहेत, म्हणून कळकळीने सांगतेय.

एक गैरसमज आमच्या घरातही होता. नवरा म्हणाला, "अगं, आता ट्रॅक्शन कंट्रोल आहे, टायर उन्हाळीच चालवू या वर्षी." मी ऐकलं नाही. आमच्या क्यूबेक प्रांतात 1 डिसेंबर ते 15 मार्च विंटर टायर सक्तीचे आहेत. पण कायदा नसता तरी मी घातलेच असते. ट्रॅक्शन कंट्रोल निघायला मदत करतं, थांबायला नाही. फेब्रुवारीत पावसाचं पाणी रस्त्यावर पडताच गोठत होतं, इथे त्याला व्हेर्ग्ला म्हणतात. त्या दिवशी त्याच चढावरून उतरताना ब्रेक लावला, एबीएस थरथरलं आणि गाडी आपल्या गतीने दोन गाड्यांएवढं अंतर घसरत गेली. पुढे मोकळी जागा सोडली होती म्हणून निभावलं. डॅशबोर्डवरचा तो पिवळा दिवा त्या वेळी काहीच करू शकत नव्हता.

टायर चारही घ्या. ओढणारी चाकं पुढची म्हणून दोनच बदलावेत असं सांगणारे भेटतात. तसं केलं की पुढचा भाग पकड धरतो आणि वळणावर मागचा भाग सुटून गाडी गिरकी घेते. साधारण सात अंशांखाली उन्हाळी रबर कडक होऊ लागतं, तेव्हा बर्फ दिसेपर्यंत वाट पाहू नका. थंडीत टायरमधली हवाही कमी होते. मी दर दोन आठवड्यांनी तपासते.

परवा टायर उतरवताना त्यांच्या खाचांची खोली मोजून घेतली. साडेसहा मिलिमीटर उरली आहे. बर्फासाठी निदान 4.8 हवी असं इथे सांगतात, म्हणजे पुढचा हिवाळा यांच्यावर निघेल. तळघरात ठेवताना प्रत्येकावर खडूने जागा लिहिली आहे, पुढचं डावं, मागचं उजवं अशी.