मनगटाचा स्प्लिंट: वेलक्रोपेक्षा आतल्या पट्टीची तक्रार मोठी

मनगटात नस दाबली जाण्याच्या त्रासासाठी (कार्पल टनेल सिंड्रोम) जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत घेतलेल्या स्प्लिंटचा, म्हणजे मनगटाला आधार देणाऱ्या पट्ट्याचा, वेलक्रो आषाढ लागताच पकड सोडू लागला आणि नवी पेठेतल्या दुकानदाराने तो बदलून देण्यास साफ नकार दिला, म्हणून हा अनुभव लिहीत आहे. साडेचारशे रुपयांची वस्तू सोलापूरच्या एका उन्हाळ्याच्या घामातही टिकू नये, याची चीड आहे. पण नवा वेलक्रो मी घरच्या मशीनवर शिवला आणि तो प्रश्न मिटला.

खरी तक्रार आतल्या ॲल्युमिनियमच्या पट्टीबद्दल आहे. तळहाताच्या बुडाशी हाडे आणि आडवा अस्थिबंध यांच्यामध्ये जी अरुंद वाट असते, तिच्यातून बोटे मिटणारे नऊ स्नायुरज्जू आणि मीडियन नस (बोटांना संवेदना देणारा मज्जातंतू) जाते. मनगट पुढे वा मागे वाकले की तिथला दाब वाढतो आणि ते सरळ राहिले की उतरतो. तरीही माझ्या स्प्लिंटमधली पट्टी मागे वाकवलेलीच आली होती, त्यामुळे मध्यरात्री अंगठा आणि शेजारची दोन बोटे बधिर होऊन जाग येणे काही थांबले नाही. फिजिओथेरपिस्टनी पट्टी बाहेर काढून सरळ केली, तेव्हापासून झोप लागू लागली. ज्यासाठी हे साधन घ्यायचे, त्याबद्दल पाकिटावर एक ओळही नसावी, हे मला अक्षम्य वाटते.

एवढे होऊनही सकाळच्या मुंग्या राहिल्याच, तेव्हा स्प्लिंट निरुपयोगी असल्याचे माझे मत झाले होते. ते पुढे बदलले. गणवेश शिवणाऱ्या बाईचे हात दुखणारच, असे आमच्याकडे धरूनच चालतात. डॉक्टरांनी मात्र दोन्ही हातांचा त्रास पाहून साखर आणि टीएसएच (थायरॉइडचे काम मंदावले की रक्तात वाढणारे संप्रेरक) तपासायला सांगितले, आणि टीएसएच वाढलेले निघाले. थायरॉइड मंदावले की ऊतींमध्ये पाणी धरून ठेवणारे घटक साचतात व नसेला जागा उरत नाही. मधुमेहात नस मुळातच नाजूक झालेली असते, तर संधिवातात रज्जूंचे आवरण सुजते. गरोदरपणातला त्रास बहुधा बाळंतपणानंतर ओसरतो. वयस्क पुरुषांत दोन्ही मनगटांचा हाच त्रास कधी कधी हृदयात अमायलॉइड प्रथिन साचल्याचे निदान होण्याच्या काही वर्षे आधी दिसतो, हे ऐकून मी सासऱ्यांनाही हातांबद्दल विचारले.

थायरॉइडची गोळी सुरू झाल्यावर डाव्या हातासाठी दुसरा स्प्लिंट घ्यावा लागला नाही, तेवढे पैसे वाचले. उजव्या हाताचा अजूनही रात्री बांधते. अंगठ्याच्या बुडाचा मांसल भाग खंगू लागला असेल किंवा सुईत दोरा ओवताना पकड सुटत असेल, तर मात्र स्प्लिंट घेऊन वाट पाहत बसू नये. नसेची तपासणी लगेच करून घ्यावी.