इल्कॉरचे 'कोस्टर': तीस दाब, दोन श्वास आणि त्यामागचा पुरावा

मी तालुक्याच्या गावी भूलतज्ज्ञ आहे आणि महिन्यातून एकदा परिचारिकांना सीपीआर, म्हणजे हृदय बंद पडलेल्या माणसाला छातीवर दाब आणि तोंडाने श्वास देणे, शिकवतो. 'तीस दाब, दोन श्वास' हे मी त्यांच्याकडून पाढ्यासारखे घोकून घेत असे. निवृत्तीला आलेल्या एका सिस्टरांनी एकदा सरावाच्या पुतळ्यावरचा हात न काढताच विचारले, "सर, आम्हाला पंधरा शिकवले होते. त्याचे तीस कोणी केले?" मला धड उत्तर देता आले नाही. त्यानंतर पुनरुज्जीवनाच्या उपचारांवरील इल्कॉर या आंतरराष्ट्रीय समितीची 'कोस्टर' (पुराव्याबाबतची सहमती आणि उपचारांच्या शिफारशी) नावाने ओळखली जाणारी निवेदने मी मुळातून वाचू लागलो, आणि हा अभिप्राय त्या वाचनाचा आहे.

१९९२ मध्ये स्थापन झालेली इल्कॉर स्वतः मार्गदर्शक तत्त्वे काढत नाही. ती पुरावा तपासून शिफारस करते. तिच्यावरून अमेरिका, युरोप वगैरे ठिकाणच्या संस्था आपापले नियम ठरवतात. आधी हे काम पाच-पाच वर्षांनी एकदम होत असे, २०१७ पासून ते सतत चालते. प्रश्न आधी नेमका बांधला जातो: रुग्ण कोण, उपचार कोणता, तुलना कशाशी आणि मोजायचे काय. मग उपलब्ध अभ्यास शोधून पुराव्याची खात्री उच्च, मध्यम, कमी की अत्यल्प हे ठरवले जाते. शिफारस दृढ की क्षीण, हा निर्णय त्याहून वेगळा असतो. अंतिम स्वरूप देण्यापूर्वी मसुदा सुमारे दोन आठवडे खुला ठेवतात आणि त्यावर कोणीही मत कळवू शकते.

सिस्टरांच्या प्रश्नाचे उत्तर मिळाले, पण ते माझी फजिती करणारे होते. २००५ मध्ये पंधराचे तीस झाले, कारण श्वासासाठी वारंवार थांबल्याने दाबांत खंड पडतो. मात्र प्रौढांसाठीच्या ३०:२ या प्रमाणाला २०१७ च्या निवेदनात मिळालेला शेरा आहे 'क्षीण शिफारस, अत्यल्प खात्रीचा पुरावा'. ज्या आकड्यावरून मी मुलींचे गुण कापत होतो, त्याच्याबद्दल त्याच्या कर्त्यांनी इतक्या सावधपणे लिहिले आहे!

अ‍ॅड्रेनालिनचे निवेदन मला सर्वांत मोलाचे वाटले. हृदय बंद पडल्यावर ते पुन्हा सुरू करण्यासाठी हे औषध टोचतात. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील चाचणीत हृदय बंद पडलेल्या आठ हजारांहून अधिक रुग्णांपैकी काहींना अ‍ॅड्रेनालिन आणि काहींना नुसते सलाइन दिले गेले. तीस दिवसांनी जिवंत असलेल्यांचे प्रमाण अनुक्रमे ३.२ व २.४ टक्के होते. परंतु वाचलेल्यांपैकी ज्यांच्या मेंदूला गंभीर इजा राहिली त्यांचे प्रमाण अ‍ॅड्रेनालिनच्या गटात ३१ टक्के, तर दुसऱ्या गटात १७.८ टक्के होते. समितीने २०१९ मध्ये अ‍ॅड्रेनालिनची दृढ शिफारस केली, आणि जगण्याच्या लाभाला आपण किती वजन दिले हेही कारणांसह लिहिले. तो निर्णय एखाद्याला पटणार नाही, पण वाद नेमका कुठे घालायचा हे त्याला कळते. वॉर्डातल्या भिंतीवरच्या तक्त्यात ही सोय नसते.

उणिवाही आहेत. भाषा रुक्ष आहे, एकाच विषयाची जुनी-नवी निवेदने जुळवताना दमछाक होते, आणि पुराव्याचा बराचसा भाग श्रीमंत देशांतला आहे. रुग्णवाहिका काही मिनिटांत पोहोचते असे गृहीत धरलेले अभ्यास आमच्या घाटरस्त्याला कितपत लागू पडतील, याचा निवाडा शेवटी स्थानिक संस्थांनाच करावा लागतो. भारतीय भूलतज्ज्ञांनी २०१७ मध्ये तो केलाही: रुग्णालयाबाहेर सामान्य माणसाने तोंडाने श्वास न देता फक्त छातीवर दाब द्यावेत, अशी सोपी पद्धत त्यांनी मांडली. मुळात आपल्याकडे रस्त्यावर कोसळलेल्या अनोळखी माणसाच्या तोंडाला तोंड लावायला कितीजण पुढे येतील?

ही निवेदने विनामूल्य वाचता येतात. सीपीआर शिकवणाऱ्या प्रत्येकाने निदान दोन-तीन तरी वाचावीत, आणि वाचताना ठळक अक्षरांतली शिफारस सोडून आधी तिच्या खालची कारणमीमांसा उघडावी. माझ्या वर्गात ३०:२ अजूनही तसेच शिकवले जाते. फक्त आता गुण मी आकडा चुकल्याबद्दल कापत नाही, दाब थांबल्याबद्दल कापतो.