जॉर्जिया की कॅलिफोर्निया : चित्रीकरण राज्यातच ठेवण्याचे दोन मार्ग

अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याने २००८ मध्ये चित्रपट-मालिकांसाठीची करसवलत वाढवली आणि दार सताड उघडं ठेवलं. राज्यात किमान ५ लाख डॉलर खर्च करा, त्या खर्चाच्या २० टक्के इतकी करात सवलत. श्रेयनामावलीत राज्याचं बोधचिन्ह दाखवलंत तर आणखी १० टक्के. वर्षाला एकूण किती द्यायचं, याला मर्यादा नाही. बाहेरच्या निर्मात्याला तिथे फारसा कर भरायचाच नसतो, म्हणून तो ही सवलत तिथल्या दुसऱ्या करदात्याला थोड्या कमी भावाने विकून रोख रक्कम उभी करतो. सरकारने सोडलेल्या पैशातला काही भाग असा मधल्या मध्ये जातो, हे मला खटकतं.

कॅलिफोर्नियाला नवा धंदा आणायचा नव्हता, हातचा टिकवायचा होता. तिथे वर्षाची रक्कम ठरलेली असते : आधी ३३ कोटी डॉलर, २०२५ मध्ये ती ७५ कोटी झाली. आलेल्या अर्जांची क्रमवारी मुख्यतः रोजगारावर लागते. नट, दिग्दर्शक, लेखक, निर्माते यांचं मानधन सवलतीत धरत नाहीत. सुतार, लाइटमन, शिंपी यांची मजुरी धरतात. जॉर्जियात बड्या नटांचं मानधनही चालतं.

निर्माता जॉर्जियाच निवडेल, कारण तिथे रांगेत मागे पडायची धास्ती नाही. करदात्यांच्या पैशाचा विचार केला तर मला कॅलिफोर्नियाची रीत पटते. पण तिथे अर्ज मागे पडला की प्रकल्प दुसरं राज्य शोधतो, आणि त्या सुतारांचं कामही त्याच्यासोबत जातं.