टॅबवर मराठी इतिवृत्त: आठ महिन्यांच्या वापरानंतर

टॅब ११ इंची, ॲन्ड्रॉइडचा, मधल्या किमतीचा. कीबोर्ड गूगलचा जीबोर्ड. काम गृहनिर्माण संस्थेचं: सभेच्या सूचना, इतिवृत्तं, सभासदांना पत्रं, सगळं मराठीत. वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यायची असते, त्यामुळे पावसाळाभर लिखाण साचत जातं. एवढ्या वापरानंतर ठाम सांगता येतं की हे काम संगणकाशिवाय नीट होतं. वेळ जातो तो लिहिण्यात नाही, तपासण्यात.

पहिला मसुदा डिक्टेशनने, म्हणजे बोलूनच काढावा. पानभर मजकूर पाच-सात मिनिटांत उतरतो. टॅब तोंडापासून वीतभर अंतरावर, पंखा बंद, आणि एका दमात एकच वाक्य. अडखळत बोललं की शब्द तुटतात. नेट कच्चं असेल तर डिक्टेशनच्या नादी लागू नये. विरामचिन्हं आणि आकडे हातानेच टाकावेत. ‘दीड हजार’ आणि ‘साडेतीन टक्के’ यांची तर दोनदा खातरजमा करावी, कारण इतिवृत्तातला चुकलेला आकडा पुढच्या सभेत वाद होऊन परत येतो.

चुका ठरावीक जागीच होतात, हे एक बरं. विभक्तीचे प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं सुटी पडतात: ‘समिती च्या’, ‘दुरुस्ती साठी’. ‘केलं’चं ‘केल’ होतं. आडनावं तर जवळपास दरवेळी तपासावी लागतात. यावर उपाय म्हणजे जीबोर्डच्या सेटिंगमधला वैयक्तिक शब्दकोश. तिथे मराठी निवडून सभासदांची आडनावं एकदाच भरून ठेवावीत, म्हणजे टाइप करताना ती सुचवली जातात. त्याच शब्दकोशात शब्दासमोर शॉर्टकटही देता येतो. ‘ठमं’ एवढंच लिहिलं की ‘वरील ठराव सर्वानुमते मंजूर करण्यात आला.’ हे अख्खं वाक्य वरच्या पट्टीत येतं. ‘सूचक’, ‘अनुमोदक’, ‘अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय’ अशा दहा-बारा ठोकळ वाक्यांचे शॉर्टकट केले की निम्मं इतिवृत्त बोटाच्या टोकावर येतं. या एका सोयीसाठी टॅब घ्यावा, इतकी ती कामाची आहे.

आता ‘ऱ्या’. सरकारी आणि संस्थेच्या मराठीत ‘करणाऱ्या’, ‘राहणाऱ्या’, ‘येणाऱ्या’ पावलोपावली लागतात. साधा र, हलन्त (अक्षराचा पाय मोडायचं चिन्ह) आणि य लिहिला की रफार होतो: ‘करणार्या’. ही नुसती दिसण्याची बाब नाही. ‘आचाऱ्यांना मानधन’ आणि ‘आचार्यांना मानधन’ यांत पैसे वेगळ्या माणसाला जातात. बरोबर रीत म्हणजे नुक्त्याचा ऱ, मग हलन्त, मग य. ‘वऱ्हाड’ आणि ‘कुऱ्हाड’लाही हेच. मांडणीत ऱ सापडत नसेल तर कुठूनतरी एकदा कॉपी करून क्लिपबोर्डवर पिन करावा. पिन न केलेला मजकूर तासाभराने पुसला जातो.

इथेच आणखी एक खाच आहे. जुन्या फायलींमध्ये हेच अक्षर साधा र, हलन्त आणि एक न दिसणारं जोडचिन्ह घालून केलेलं असतं. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखी दिसतात, पण आतले संकेत वेगळे. ‘भाडे भरणाऱ्या’ शोधलं आणि अर्धेच परिच्छेद सापडले, तर कारण हेच. जुना ‘र्‍’ कॉपी करून शोधाच्या चौकटीत टाकावा, बदलीच्या चौकटीत नवा ‘ऱ्’, आणि सगळे एकदम बदलावेत. ‘ॲप’ची तीच कथा: कोणी ॲ हे एक अक्षर वापरतं, कोणी अ वर चंद्र देतं, कोणी हिंदी वळणाचा ऍ. ॲ युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या अक्षरांच्या सामाईक संकेतांत, २००८ साली आला, म्हणून त्याआधीच्या मजकुरात तो सापडणारच नाही. संस्थेने एक रूप ठरवून टाकावं.

लेखणीने लिहिलेलं ओळखण्याची सोय आहे, पण ती चार-पाच शब्दांपुरतीच ठीक. अवघड आडनाव, एखादं जोडाक्षर, बस. पानं लिहू नयेत, हात भरून येतो. आडव्या टॅबवर कीबोर्ड अर्धा पडदा खातो. तपासताना टॅब उभा धरावा किंवा कीबोर्ड तरंगता करून कोपऱ्यात सारावा.

जुनी इतिवृत्तं संगणकावरून आली आणि टॅबवर इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसला, तर फाइल बिघडलेली नसते. जुन्या फॉन्टांत देवनागरीचे आकार इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसवलेले होते. तो फॉन्ट टॅबवर नाही, म्हणून खालची इंग्रजी अक्षरं उघडी पडतात. असा मजकूर कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये आणावा आणि जोडाक्षरं व वेलांट्या ओळीनओळ वाचाव्यात. पीडीएफमधून मराठी कॉपी केली तरी मात्रा इकडच्या तिकडे होतात, म्हणून मूळ फाइल मागून घ्यावी, आणि आपलीही मूळ फाइल जपावी.

छपाईला मात्र पीडीएफच पाठवावं. वर्डची फाइल दुसऱ्या संगणकावर वेगळ्या फॉन्टमध्ये उघडते, ओळी सरकतात आणि सह्यांची जागा एकटीच पुढच्या पानावर जाते. पाठवण्याआधी शेवटचं पान उघडून अध्यक्ष आणि सचिव यांच्या सह्यांच्या वर ठरावाच्या निदान दोन ओळी आहेत का, ते पाहावं.