कॅलेडियमचे सुटे कंद: घ्यावेत, पण दाबून पाहूनच

कॅलेडियम, म्हणजे रंगीत पानांचं शोभेचं अळू, बाजारात दोन रूपांत मिळतं: पावसाळ्यात कुंडीतलं वाढलेलं रोप आणि उन्हाळ्यात सुटे कंद. आमची पसंती कंदांना. ते स्वस्त पडतात आणि नीट सांभाळले तर दरवर्षी फुटतात. पण पाकिटातला माल सरसकट चांगला निघत नाही.

कंद अंगठ्याने दाबावा. बटाट्यासारखा टणक लागला तर ठेवावा. मऊ, वास मारणारा कंद कुजलेला असतो. अगदी हलका, पोकळ लागणारा वाळून गेलेला. पाकिटावर जातीचं नाव ठसठशीत असतं, आकार मात्र बहुधा नसतो, आणि ही मोठी उणीव आहे. फ्लोरिडातल्या लेक प्लॅसिड भागात या कंदांची मोठी शेती होते. तिथे दीड ते अडीच इंच व्यासाचा कंद पहिल्या नंबरचा, त्याहून मोठा जंबो. सुपारीएवढ्या कंदाकडून पहिल्या वर्षी भरगच्च झाडाची अपेक्षा ठेवू नये. विक्रेत्याला आकार विचारूनच पैसे द्यावेत.

निळ्या पानांचं चित्र छापलेली बियांची पाकिटं तर घेऊच नयेत. निळं कॅलेडियम नसतंच, आणि बियांपासून मूळ झाडासारखी पानं येतील याची खात्री नसते. हिरव्या शिरांचं पांढरं ‘कँडिडम’ आणि लाल-गुलाबी ‘रेड फ्लॅश’ या जुन्या, भरवशाच्या जाती.

लागवड एप्रिल-मेमध्ये करावी. 8 इंची कुंडीत दोन भाग कोकोपीट, एक भाग गांडूळखत, एक भाग जाड वाळू. कंद 2 इंच खोल, खडबडीत डोळ्यांची बाजू वर. उलटा लागला तरी फुटतो, फक्त उशिरा. मधला ठळक डोळा चाकूच्या टोकाने काढून जखम दोन दिवस सुकू दिली, तर बाजूचे डोळे जोर धरतात. पानं थोडी लहान येतात, पण झाड दाट होतं.

जे कंद दगावतात, ते बहुधा कोंब येण्याआधीच, जास्त पाण्याने. पानं नसल्यामुळे पाणी ओढलं जात नाही, माती ओली राहते आणि कंद सडतो. कोंब दिसेपर्यंत माती नुसती दमट ठेवावी. कोंब यायला महिना-दीड महिनाही लागतो. उकरून पाहू नये.

सकाळचं कोवळं ऊन उत्तम. दुपारच्या उन्हात पांढरी पानं करपतात, अंधारात देठ लांबून लोळतात. युरिया टाळावा, नत्र जास्त झालं की पानात हिरवा रंग चढतो.

दिवाळीनंतर पानं पिवळी पडतात. झाड मेलं समजून कुंडी रिकामी करू नका, ती कंदाची विश्रांती असते. पाणी तोडावं, कुंडी कोरडी आडोशाला ठेवावी. नाशिक-नागपूरच्या थंडीत ती घरात घ्यावी. कंद फ्रिजमध्ये नकोत, 15 अंशांखाली ते खराब होतात.

हे अळू खायचं नाही. चिकाने खाज सुटते, म्हणून कंद कापताना हातमोजे घालावेत, आणि घरात पानं कुरतडणारं मांजर असेल तर कुंडी उंचावर टांगावी.